कयाक उलटली तर? आधी सराव, मग खाडी

रामवाडीकर, पेणकर आणि रोहेकर मित्रांनो, आपल्याला एका बाजूला धरमतरची खाडी आणि दुसऱ्या बाजूला रेवदंड्याला समुद्राला मिळणारी कुंडलिका लाभली आहे. कयाकिंगसाठी यापेक्षा काय हवं! पण कयाक उलटली तर स्वतःला पुन्हा आत घेता यायलाच हवं.

उलटल्यावर पहिली गोष्ट म्हणजे कयाक सोडू नका. वाऱ्यावर ती पोहणाऱ्यापेक्षा वेगात वाहत जाते. ती सुलटी करा. वल्ह्याच्या एका पात्याला हवेची पिशवी (पॅडल फ्लोट) लावा, वल्हं कयाकवर आडवं ठेवा, पाय मारत पोटावर चढा, अंग खाली ठेवूनच वळून बसा. मग पंपाने पाणी उपसा. हे आधी कमरेएवढ्या शांत पाण्यात, जोडीदारासोबत करा. जमलं की थोड्या वाऱ्यात, लाइफ जॅकेट घालूनच.

आपल्या खाडीची खरी गंमत आणि धोका म्हणजे ओहोटी. भरती-ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं. उधाणाला ओढ आणखी वाढते. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात उतरून चालायला जाऊ नका, माणूस रुततो. धरमतरला बार्जची वाट मोकळी सोडा.

मोबाईल जलरोधक पिशवीत, शिट्टी गळ्यात, परतीची वेळ घरी सांगितलेली. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आजच सेव्ह करा.