'पार्लास', 'फ्यूस', 'व्हँस' : फ्रेंचचा शोभेचा काळ

इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, म्हणजे 'असावे-करावे' अशा अर्थाच्या क्रियारूपांचा भूतकाळ, चालवायचा तर आधी 'पासे सँप्ल', म्हणजे साधा भूतकाळ, पाठ हवा. त्याचे 'तू'चे रूप घ्यायचे आणि पुढे प्रत्यय जोडायचे. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचे 'पार्ला' आणि त्यावरून 'क झ पार्लास', 'मी बोलावे' अशा अर्थाचे. अपवाद जवळपास नाहीतच. अवघड असतो तो पासे सँप्ल.

खरी गंमत तृतीय पुरुषी एकवचनाची. तिथे लिहिताना 'स' गळतो, शेवटी 'त' येतो आणि आधीच्या स्वरावर टोपी (^ हे चिन्ह) चढते. 'एत्र' (असणे) या धातूची 'होता' आणि 'असावा' ही दोन्ही रूपे कानाला 'फ्यू'च. फरक कागदावर, टोपीपुरता. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनी अनेक शब्दांवरची टोपी उतरवली, इथली मात्र राखली.

बोलण्यातून हा काळ केव्हाच हद्दपार झाला. प्रथम पुरुषी अनेकवचनातले 'पार्लासियों' आज कुणी सहज उच्चारले तर लोक हसतील. २८ डिसेंबर १९७६ च्या सरकारी आदेशाने परीक्षेतही त्याच्या जागी वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह चालवून घेतला. कादंबऱ्यांत तो भेटतो, बहुधा टोपीवाल्या रूपातच. विद्यार्थ्याने तेवढे ओळखले तरी पुष्कळ.