जाळं बंद, ॲडमिशन चालू: शाहपूरची पोरं आता कुठल्या कॉलेजात चालली?



१६ जूनला मासेमारी बंद झाली. नावा काठावर उपड्या पडल्या, फाटकी जाळी ओट्यावर शिवायला निघाली. आणि नेमकी याच दिवसांत आपल्या घरात दुसरी धावपळ सुरू होते. बारावीचा निकाल लागून गेलेला, मार्कशीट हातात आलेली, आणि एमपी ऑनलाइनच्या दुकानासमोर पोरं-पोरी रांगेत उभी. १६ जून ते १५ ऑगस्ट आपला बंद ऋतू. कॉलेजचं फॉर्म भरणं, यादी लागणं, फी भरणं, हे सगळं बहुतेक याच दोन महिन्यांत येतं. म्हणजे वर्षात ज्या वेळी घरात पैसा नसतो, बरोब्बर त्याच वेळी फी मागतात. बचत सह राहत योजनेचे ४५०० रुपये मिळतात, त्यातले १५०० तर आपणच जमा केलेले. त्यात पीठ-मीठ निघतं. फी निघत नाही.

या पेजवर आपण भाव, मत्स्यबीज, तलावाचे पट्टे यांच्या बातम्या देतो. आज कॉलेजवर लिहितोय, कारण गेल्या काही वर्षांत समितीच्या ऑफिसात जाळ्यापेक्षा जास्त विचारणा याचीच होते. "सचिव भाऊ, पोराला कुठं टाकू?"

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बुऱ्हाणपूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, तो १५ ऑगस्ट २००३ ला झाला. त्याआधी प्रत्येक दाखल्यासाठी खंडवा. बारावी झाली की ज्याची ऐपत, तो बुऱ्हाणपूरच्या सेवासदन कॉलेजात बी.ए.-बी.कॉम.ला जायचा. ज्याला मार्क चांगले, तो खंडव्याला. आणि ज्याची आत्या-मावशी जळगावकडे, तो सीमा ओलांडून तिकडे. फैजपूरचं धनाजी नाना चौधरी कॉलेज १९६१ चं, जळगावचं मूळजी जेठा कॉलेज त्याहून जुनं. आपल्या जुन्या लोकांना ही नावं भोपाळपेक्षा जवळची वाटायची. वाटणारच. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. बाकी आमच्यासारखे बरेच जण बारावीवरच थांबले आणि नावेत बसले. पोरींचं तर विचारूच नका.

आता बघा. पहिला बदल पोरींचाच. ज्या घरातून मुलीला दहावीनंतर काढून घ्यायचे, त्याच घरातली मुलगी आज सकाळच्या बसने बुऱ्हाणपूरला कॉलेजला जाते. लाडली लक्ष्मी योजना २००७ ची, १ जानेवारी २००६ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी. म्हणजे तिच्या पहिल्या मुली आता आता कॉलेजात पोचल्यात. २०२२ पासून त्यात कॉलेजच्या प्रवेशाला दोन हप्त्यांत २५,००० रुपये जोडलेत. आपल्याकडे कितीतरी आयांनी तो कागद पेटीत जपून ठेवलाय, पण तो कॉलेजात गेल्यावर कामाला येतो हे त्यांना माहीत नाही. पेटी उघडा.

दुसरा बदल म्हणजे इंदूर. पूर्वी इंदूर म्हणजे मोठा दवाखाना. आता इंदूर म्हणजे भंवरकुआँ. पीएससीचा क्लास, पटवारीचा क्लास, पोलीस भरतीचा क्लास. तिथं खोली करून राहणारी आपली पोरं कॉलेजात नाव कुठंतरी प्राइव्हेट टाकतात आणि खरं शिक्षण क्लासमध्ये घेतात. बाप सांगतो, पोरगं इंदूरला शिकतंय. कुठल्या कॉलेजात, ते त्याला सांगता येत नाही. होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं, तिथं नंबर लागला तर ती वेगळी गोष्ट. पण खोलीचं भाडं आणि क्लासची फी भरून तीन वर्षं काढायची आणि हातात फक्त प्राइव्हेट बी.ए., हा सौदा आम्हाला तरी महाग वाटतो.

त्यात एक गंमत आहे. इतकी वर्षं बुऱ्हाणपूरच्या कॉलेजची डिग्रीसुद्धा इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाची असायची. २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालं आणि आपला जिल्हा त्याला जोडला गेला. डिग्रीवर इंदूरऐवजी खरगोन येणार, म्हणून काही पोरांनी तोंड वाकडं केलं. त्याच वर्षी राज्याच्या ५५ जिल्ह्यांत एकेका सरकारी कॉलेजला पीएम कॉलेज ऑफ एक्सलन्सचा दर्जा मिळाला. फक्त नावासाठी घराजवळची स्वस्त सीट सोडू नका. शिकवणारे आहेत का, लॅब उघडते का, हे आत जाऊन बघा. मासा घेताना आपण कल्ले उघडून बघतो ना?

तिसरं म्हणजे लाट. एका वर्षी सगळे इंजिनीअरिंगला, मग सगळे डी.फार्मला, मग सगळ्या पोरी नर्सिंगला, आता जो तो बीसीए. देशात २०१४-१५ नंतर इंजिनीअरिंगच्या जागा घटत गेल्या, कॉलेजं बंद पडली. आता कॉम्प्युटरच्या नावावर त्या परत वाढतायत. शाहपूरपर्यंत लाट पोचते तेव्हा ती शहरात ओसरायला लागलेली असते. तरी सांगतो, सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीत पदवीला असलेल्या मुलांपैकी ३४ टक्के आर्ट्सलाच होती आणि सायन्स १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे बोलबाला कशाचाही असो, गर्दी अजून आर्ट्सलाच आहे.

नर्सिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यात आपलं घर पोळलंय. एका सभासदाची मुलगी, हुशार, बारावी बायोला चांगले मार्क. एजंट घरी आला, "सीट पक्की, हॉस्टेल फ्री" म्हणाला. बापाने नावेचं इंजिन विकून पहिली फी भरली. कॉलेज म्हणजे दोन खोल्या. पेशंट नाही, दवाखाना नाही, आणि परीक्षा पुढे पुढे ढकलत गेली. ज्या वर्षी ती पास होऊन नोकरीला लागायची, त्या वर्षी तिची पहिल्या वर्षाची परीक्षा झाली. हे तिच्या एकटीचं नाही. राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने सीबीआयकडून तपासणी करवली, आणि डझनांनी कॉलेजं चालवायच्या लायकीची नाहीत असं निघालं. नर्सिंग वाईट नाही. चांगल्या कॉलेजातून झालेली नर्स कुठंही कमावते. पण फी भरायच्या आधी कॉलेजला मान्यता त्याच वर्षाची आहे का, ते स्वतः बघा. एजंटच्या मोबाईलवर नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो. आपण सीमेवरचे लोक. इच्छापूर ओलांडलं की महाराष्ट्र. घरात मराठी, शाळेत हिंदी, सोयरीक रावेर-मुक्ताईनगरला, बातम्या मराठी चॅनेलवर. त्यामुळे कॉलेज निवडताना आपण रस्ता बघतो. जळगाव जवळ, तिथं मामा आहे, खायची-राहायची सोय आहे, झालं. पण आपला कागद सीमेवरच थांबतो, हे आपण विसरतो.

भोई समाजाचंच घ्या. रावेरकडच्या भोयाच्या घरी जातीचा दाखला भटक्या जमाती-ब चा. शाहपूरमधल्या त्याच्या सख्ख्या भावाच्या घरी तो पिछडा वर्ग म्हणजे ओबीसीचा. देव एक, लग्नं एकमेकांत, कागद दोन. आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या कोट्याला चालत नाही. शाहपूरचं पोरगं जळगावच्या कॉलेजात गेलं की तिथल्या राज्य कोट्यात त्याला ना एनटी धरतात ना ओबीसी. ते खुल्या वर्गातलं, बाहेरच्या राज्यातलं. तिथली शिष्यवृत्ती नाही, फीमाफी नाही.

२०२४ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. मराठी चॅनेलवर दिवसभर ती बातमी. दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसात तीन बाप हजर, "मुलीला जळगावला इंजिनीअरिंगला टाकतो, फुकट आहे." त्यांना सांगता सांगता आमच्या घशाला कोरड पडली की बाबांनो, ती माफी महाराष्ट्रात राहणाऱ्यांची. एकाने तरी टाकलीच. मामा म्हणाला होता ना. पूर्ण फी भरतोय आता. तेवढ्याच मार्कांवर इकडे काय मिळालं असतं? माशिमंच्या बारावीला ७० टक्के असतील (सीबीएसईला ८५) आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य सरकार फी भरतं. ती २०१७ पासून आहे. ७५ टक्क्यांवर लॅपटॉपचे २५,००० वेगळे. पिछडा वर्गाची शिष्यवृत्ती त्याहून वेगळी.

डॉक्टरकीचंही तसंच. खंडव्याला २०१८ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, जळगावलाही त्याच वर्षी. खंडव्याच्या कॉलेजला आपल्या शाहपूरच्याच नंदकुमारसिंह चौहान यांचं नाव दिलंय. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना मध्य प्रदेशात एमबीबीएसला ५ टक्के जागा राखीव आहेत, २०२३ पासून. आपली बहुतेक पोरं सरकारी शाळेतलीच. हा फायदा जळगावला नाही, इकडेच आहे.

जळगावला जाऊच नका असं आम्ही म्हणत नाही. साधं बी.एस्सी. असेल, मामाचं घर असेल, खर्चाचा हिशोब बसत असेल तर जा. पण हिशोब एसटीच्या तिकिटाचा करू नका, तीन-चार वर्षांच्या फीचा करा.

आणि नावाची भानगड आधीच मिटवा. आपल्याकडे ज्ञानेश्वर नावाच्या पोराचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर 'डी' ने, मार्कशीटवर 'जी' ने, आणि समग्र आयडीवर तिसरंच. कारण एक कागद मराठी माणसाने भरला, दुसरा हिंदी माणसाने. ई-केवायसी तिथंच अडकतं आणि शिष्यवृत्ती वर्षभर लटकते. हे जूनमध्ये नाही, दिवाळीत दुरुस्त करायचं काम आहे.

आता आमच्या मनातली एक खंत. इतकी पोरं कॉलेजला जातात, पण आपल्या समितीच्या एकाही घरातून फिशरीजच्या कॉलेजचा फॉर्म गेलेला नाही. बी.एफ.एस्सी. म्हणून चार वर्षांची डिग्री असते. आपल्या राज्यात जबलपूरला कॉलेज आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाचं दतियाला आहे. महाराष्ट्रात नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला. पुढचं शिक्षण मुंबईला, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. ही डिग्री असलेला मत्स्य विभागात जातो, हॅचरीत जातो, खाद्याच्या कंपनीत जातो, बँकेत कृषी अधिकारी होतो.

इथं सीमेची अडचणही कमी आहे. राज्यांच्या कृषी-मत्स्य विद्यापीठांत काही जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात, त्या सीयूईटी परीक्षेतून भरतात. तिथं केंद्राची ओबीसी यादी चालते, आणि मध्य प्रदेशचे भोई-ढीमर-केवट त्या यादीत आहेत. म्हणजे शाहपूरचा दाखला नागपूरलाही चालेल अशी ही वाट आहे. फक्त दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा, नॉन-क्रीमी लेयरसह.

हे सभेत सांगितलं तर एक दादा म्हणाले, "मासे धरायला कॉलेज लागतं का?" सगळे हसले, आम्हीही हसलो. धरायला नाही लागत. पण दादा, उन्हाळ्यात पहाटे कटला वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी झालाय हे आपल्याला कळतं, आणि पुढे काय करायचं ते विचारायला आपण साहेबाला फोन लावतो. साहेब येतो दुपारी. तोवर मासा पांढरा पडून काठाला लागलेला. तो साहेब आपल्या आळीतला का नसावा?

अडचण एकच, आणि ती बारावीनंतरची नाही. या कॉलेजांना बारावी सायन्स लागतं. आपली पोरं दहावीनंतर आर्ट्स घेतात, कारण सायन्सचं ट्यूशन परवडत नाही. मग दोन वर्षांनी कॉलेज निवडायची वेळ येते तेव्हा निवडायला उरतंच काय? म्हणून हा लेख बारावीवाल्यांपेक्षा यंदा दहावी झालेल्यांच्या बापाने वाचावा असं आम्हाला वाटतं.

पैशाबद्दल एक ठराव येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. हिवाळ्यापासून मार्चपर्यंत जी मोठी धर असते, तेव्हा किलोमागे थोडी रक्कम समितीत बाजूला ठेवायची आणि जून-जुलैत ज्यांच्या घरी ॲडमिशन आहे त्यांना बिनव्याजी उचल द्यायची. उचल दिवाळीपर्यंत मालातून वळती. किती कापायचं यावर भांडण होणार हे माहीत आहे. सभेत या, तिथं भांडा.

तोवर १५ ऑगस्टपर्यंत रोज संध्याकाळी ७ ते ९ समितीचं ऑफिस यासाठी उघडं ठेवतोय. मूळ निवासी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, समग्र आयडी, आधार, बँकेचं पासबुक, लाडली लक्ष्मीचं प्रमाणपत्र, जे असेल ते घेऊन या. पोराला किंवा पोरीला सोबत आणा, नुसता बाप येऊन उपयोग नाही. आणि झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी ठेवा. मागच्या वर्षी एकाची मूळ मार्कशीट इथंच राहिली आणि चार दिवसांनी जाळ्याच्या पोत्यात सापडली.