पायांसाठी जागा सोडणारा गळा

भाऊबीज झाली की आमच्या भागात मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ बपेरा आहे. त्या बाजूच्या गावांत एकीकडे धानाची कापणी चालू असते, दुसरीकडे पाहुण्यांनी घरं भरलेली असतात. दिवसा मंडईचा बाजार आणि रात्री खडी गंमत किंवा दंडार ही लोकनाट्यं. मी गंमतीला बसतो तो शक्यतो ढोलकीवाल्याच्या बाजूला. नाचाचं गाणं कसं चालतं हे समोरून कळत नाही, बाजूने कळतं.

खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेली गंमत. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणंवाला, मागे सूर धरणारे झीलकरी आणि मध्यभागी लुगडं नेसलेला, पायात चाळ बांधलेला नाच्या. नाच्या हा पुरुष. त्याला गायचं असतं आणि नाचायचंही असतं. दोन्हीला लागतो श्वास, आणि तो एकाच छातीतून येतो. मग तो पुरतो कसा?

नाच्याच्या तोंडाकडे जवळून पाहिलं की उत्तर सापडतं. तो ओळ पूर्ण म्हणत नाही. शेवटचा शब्द अर्ध्यावर आला की झीलकरी तो उचलतात आणि ओळीचं शेपूट लांबवतात. तेवढ्यात नाच्याने श्वास घेतलेला असतो आणि पाय सुटलेले असतात. ढोलकीवाला त्याच्या टाचेवर नजर ठेवून असतो. टाच उचलली की तो बोल भरू लागतो आणि पाय आपटला की थाप देतो. नाच्याला आणखी एक गिरकी घ्यायची असेल तर झीलकरी ध्रुपद पुन्हा म्हणतात. इथे गाणं पायांच्या मागे चालतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाच्या फडातही व्यवस्था अशीच असते. सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे कुणी चुकलं तर दुसरा सावरून घेतो.

सिनेमात हे सगळं उलटं होतं. तिथे गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं. नंतर कधीतरी, दुसऱ्याच जागी, ते कर्ण्यावर वाजवतात आणि नटी त्यावर ओठ हलवत नाचते. गाणाऱ्या बाईला पाय दिसत नाहीत, कारण ते पाय अजून पडलेलेच नसतात. तिने गाऊन ठेवलं त्यातच नाचाला जागा शोधावी लागते. ती जागा सोडली नसेल तर नटीने काहीही केलं तरी नाच गाण्याच्या वरवर तरंगत राहतो. न दिसणाऱ्या पायांसाठी गाण्याची ही विद्या मराठीत ज्यांनी सर्वांत उंचीवर नेली त्या सुलोचना चव्हाण. हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

त्यांचा जन्म १३ मार्च १९३३ चा. माहेरचं आडनाव कदम. मुंबईत गिरगावच्या फणसवाडीत चाळीत त्या वाढल्या. घराचा ‘श्रीकृष्ण बाळमेळा’ होता. मेळा म्हणजे काय हे आज सांगावं लागतं. गणेशोत्सवात मुलामुलींचा संच चौकाचौकांत जाऊन पदं, संवाद आणि छोटे नाट्यप्रवेश करायचा, तो मेळा. समोर चालती-फिरती गर्दी असे. शब्द स्पष्ट फेकला नाही तर मागची रांग निघून जाई. सुलोचनाबाईंचं पहिलं शिक्षण हेच. शास्त्रोक्त गाणं त्या कुणाकडे बसून शिकल्या नाहीत. ऐकलेल्या तबकड्या हेच त्यांचे धडे. त्यांत वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी त्यांच्या फार आवडीची होती, आणि मुलीने लावणी गुणगुणलेली आईला चालत नसे. त्या काळच्या घरांचा विचार केला तर यात नवल नाही. लावणी ऐकायची ती दाराआडून, अशीच रीत होती.

पार्श्वगायनाची सुरुवात फार लहान वयात झाली. हिंदी चित्रपट ‘कृष्ण सुदामा’, संगीतकार श्यामबाबू पाठक. पुढे त्या सुलोचना कदम या नावाने हिंदीत गात राहिल्या. १९५१ च्या ‘ढोलक’ या चित्रपटात श्यामसुंदर यांच्या संगीतातली त्यांची गाणी जाणकार अजून काढून ऐकतात. ती ऐकून मग त्यांची लावणी ऐकावी. बाई एकच, पण गळ्याची ठेवण वेगळी. हिंदीतला आवाज मऊ आहे, स्वर एकात एक मिसळतात, शब्दांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात. गझलेच्या अंगाच्या गाण्याला तेच शोभतं. नाचाला मात्र कडा लागतात. पाऊल कशावर तरी पडायला हवं ना?

पहिली लावणी ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटासाठी. संगीत वसंत देसाईंचं आणि पडद्यावर हंसा वाडकर. १९५३ साली दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झालं आणि खरी घडण तिथून झाली. श्यामराव कोल्हापूरकडचे, लावणीच्या मातीतले. लावणीतले बारकावे त्यांनी शिकवले, हे सुलोचनाबाई आयुष्यभर सांगत आल्या. त्या त्यांना गुरूच मानत. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मुलीला त्या बोलीचा हेल, शब्द कुठे दाबायचा आणि कुठे हलकेच सोडायचा हे कुणीतरी दाखवावंच लागलं असतं. आचार्य अत्र्यांनी पुढे त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं, ते नाव कायमचं राहिलं.

आता लावणी चालते कशी ते उलगडून पाहू. आधी ढोलकी. तिच्या उजव्या तोंडाला वरून शाई असते, ते गायिकेच्या पट्टीत चढवून लावतात. डाव्या तोंडाला आतून लेप असतो, त्यातून घुमारा निघतो. ढोलकीची पट्टी उंच, म्हणून लावणीचा गळाही चढाच लागतो. खालच्या स्वरात कुजबुजून भागत नाही. चाळांचा आवाजही उंच आणि बारीक. या दोघांच्या गर्दीतून शब्द बाहेर यायचा तर तो नुसता मोठा असून चालत नाही, त्याला धार हवी.

लावणीच्या तोंडाशी बहुधा ताल नसतो. आलाप किंवा सैल म्हटलेली एखादी ओळ असते. त्या वेळी नाचणारी उभी असते, फक्त डोळे आणि मान. मग ढोलकीची उठावण येते, गायिका मुखडा धरते आणि समेवर पहिलं पाऊल पडतं. ठेका बहुतेक वेळा आठ मात्रांचा. सुलोचनाबाई मुखड्याचा शब्द समेवर सरळ ठेवत नाहीत. थाप पडते, क्षणभर काहीच येत नाही, आणि मग शब्द येतो, अडवून धरलेला श्वास सुटावा तसा. लोक ज्याला ठसका म्हणतात तो हाच, असं मला वाटतं. थाप आणि शब्द यांच्यामधल्या त्या एवढ्याशा फटीत नाचणारीची कंबर वळते किंवा भुवई चढते. दोन्ही एकदम आले असते तर पाहणाऱ्याला तिथे काही दिसलंच नसतं.

दुसरी गोष्ट व्यंजनांची. ठ, ड, ख, झ यांसारखी अक्षरं त्या अशी उच्चारतात की ती ढोलकीचेच बोल वाटावीत. ओळ संपताना त्या स्वर लांबवत नाहीत, तोडतात. आमच्या नाच्याने अर्धा सोडलेला शब्द आठवा. तो श्वासासाठी सोडत होता. सुलोचनाबाई तर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मायक्रोफोनसमोर स्थिर उभ्या, त्यांना नाचून दम लागायचा प्रश्नच नव्हता. तरी त्या सोडतात. तोडलेल्या टोकानंतर ढोलकी आणि चाळ यांना मोकळं मैदान मिळतं.

अंतऱ्यात आवाज थोडा आत येतो, गोष्ट सांगितल्यासारखा. इथे अभिनय जास्त आणि पाय कमी. अंतऱ्याची शेवटची ओळ पुन्हा वर चढते, ढोलकी भरत जाते, तिहाई पडते आणि मुखडा परत येतो. हे सगळं तबकडीच्या एका बाजूवर, म्हणजे साधारण तीन मिनिटांत बसवावं लागे. फडात हीच लावणी प्रेक्षकांच्या फर्माईशीवर कितीही लांबते. तीन मिनिटांत पाल्हाळाला जागा नसते. म्हणून चित्रपटातल्या लावणीत रिकाम्या जागा मोजून ठेवलेल्या असत, आणि गायिकेला त्या पहिल्याच खेपेला पकडाव्या लागत. त्या काळात वादक आणि गायक एकत्रच वाजवत-गात. एक चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

१९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि वसंत पवारांचं संगीत त्यांना मिळालं, आणि तिथून त्यांचा आवाज घराघरांत गेला. पाठोपाठ १९६४ चा ‘सवाल माझा ऐका’, १९६५ चा ‘मल्हारी मार्तंड’. वसंत पवारांना ढोलकीच्या मोकळ्या जागा नेमक्या कळत होत्या. त्यांचं आणि सुलोचनाबाईंचं जे जुळलं त्यावर एखाद्या अभ्यासकाने मन लावून लिहायला हवं, इतकं त्यात सापडण्यासारखं आहे.

स्वतः त्या जाहीर कार्यक्रमात अंगभर साडी आणि डोक्यावर पदर घेऊन गात. हातवारे नाहीत, ठुमका नाही. पुष्कळांना याचं आश्चर्य वाटे, काहींना त्यात फक्त सोज्वळपणा दिसे. मला त्यात कारागिरीही दिसते. नाच गळ्यात पूर्ण उतरला असेल तर अंगाने तो दाखवायची गरज उरत नाही. घरंदाज बायकांना उघडपणे लावणी ऐकता आली, यात त्या पदराचा वाटा मोठा आहे. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण नामवंत ढोलकीवादक झाले. ‘माझं गाणं माझं जगणं’ हे सुलोचनाबाईंचं आत्मकथन आहे. लता मंगेशकर पुरस्कार मिळाला, पद्मश्री २०२२ मध्ये, म्हणजे फार उशिरा. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

आमच्याकडच्या मंडईत आता ढोलकीसोबत मोठाले स्पीकरही असतात. रात्र चढली, शाहीर चहाला गेला की कुणीतरी मोबाइल जोडून सुलोचनाबाईंची एखादी लावणी लावतो. नाच्या बसलेला असतो, चाळ सैल केलेली असते. मुखड्याची थाप पडते, शब्द यायचा असतो, आणि त्या फटीत त्याची टाच जमिनीवरून उचलली जाते.