दारातले जनित्र

विजेला आमच्या नाट्यात कुणी वीज म्हणत नाही. वीज म्हणजे आभाळातली, माडावर पडते ती. तारेतून येते ती ‘लाइट’, आणि तिच्यापुढे क्रियापदे दोनच लागतात: आली आणि गेली. सरकारी कागदांत शब्द निराळे. तिथे ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात, ठरवून पुरवठा बंद ठेवण्याला भारनियमन म्हणतात आणि जनरेटरला जनित्र. मराठी शिकवणे हाच पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे या शब्दांवर माझा लोभ आहे. पण गेल्या वर्षी ‘जनित्र’ माझ्यापुढे शब्द म्हणून न येता वस्तू म्हणून येऊन उभे राहिले, आणि वस्तू निवडणे हे शब्द निवडण्याहून पुष्कळ कठीण काम आहे. तेव्हा या दिवाळीत दिव्यांचे कौतुक इतरांनी करावे. दिवे गेल्यावर काय करावे, याचा हिशेब मी वाचकांपुढे मांडतो.

नाटे हे राजापूर तालुक्यातले, जैतापूरच्या खाडीच्या उत्तर तीरावरचे गाव. यशवंतगड इथलाच, आंबोळगड शेजारचा, आणि साखरीनाट्याला मच्छीमारांच्या होड्यांची गर्दी. आमचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे विजेचे माहेरघरच म्हणायचे. १९६२ पासून वीज देणाऱ्या कोयनेची मुख्य वीजघरे चिपळूण तालुक्यात, पोफळीच्या बाजूला डोंगराच्या पोटात आहेत. एन्रॉनचा गाजलेला दाभोळ प्रकल्प गुहागर तालुक्यात. तो १९९९ साली सुरू झाला, २००१ साली बंद पडला आणि पुढे नाव बदलून पुन्हा चालू झाला. जयगडला कोळशावरचे १२०० मेगावॉटचे केंद्र आहे. आणि आमच्या समोर, खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर, १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट, उभारण्याचा बेत ठरला. २०१० च्या डिसेंबरात फ्रेंच कंपनीशी त्यासंबंधी करार झाला. विरोधही झाला, आणि १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. अणुभट्ट्या अजून कागदावरच आहेत. त्या वादात इथे शिरत नाही. सांगायचे ते इतकेच की, एवढे सारे शेजारी असूनही वारा सुटला की आम्ही कंदिलाची काच पुसायला घेतो. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण ज्याने केली, तो बहुधा आमच्याच बाजूचा असावा.

कारण समजून घेतल्यावाचून रागावण्यात मात्र अर्थ नाही. आमची लाइट जाते ती वीज कमी म्हणून नव्हे, वाट लांबची म्हणून. अकरा हजार व्होल्टची तार सडे, दऱ्या आणि काजूच्या बागा ओलांडीत येते. वाटेत कुठेही फांदी पडली की पुढची सगळी गावे काळोखात. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते. खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर, ज्यांना वायरमन मंडळी ‘चिमण्या’ म्हणतात, मिठाचा थर बसतो. तो ओला झाला की वीज तिथूनच खांबात उतरते. रोजची ही रड तासा-दोन तासांची. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले, तेव्हा गोष्ट निराळी झाली. तौक्ते हे ब्रह्मदेशाने दिलेले नाव. मोठ्याने ओरडणाऱ्या एका पालीचे. ती चुकचुकली आणि आमच्या वाडीतले खांब काडीसारखे मोडले. लाइट आली ती पाचव्या दिवशी. त्या वेळी आमचे वडील ठणठणीत होते; ओटीवर बसून ते पाच दिवसांची मौज सांगत. आता ते शक्य नाही. त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला आहे, आणि डॉक्टरांनी दिवसाचे निदान पंधरा तास प्राणवायू घ्यायला सांगितले आहे. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, माजघरात रात्रभर घुरघुरत असते. ते लाइटवर चालते. मी रत्नागिरीला, दादा डोंबिवलीला, आणि घरात आईवडील दोघेच.

मोठे की पुरेसे?

गणपतीत सारे जमलो तेव्हा विषय निघाला. दादाचा स्वभाव सढळ. तो म्हणाला, “एकदाच काय तो मोठा जनरेटर घेऊ. पाच केव्हीएचा. पंप चालेल, फ्रिज चालेल, सगळं घर चालेल.”

मी विचारले, “आणि रात्री दोन वाजता पावसात जाऊन तो सुरू कोण करील?”

“मी करीन की,” आई म्हणाली. “जन्मभर विहिरीचा दोर ओढला, ती एवढीशी दोरी नाही ओढणार?”

आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दादा गप्प झाला. बटणाने सुरू होणारी यंत्रेही मिळतात. पण त्या बटणामागे छोटी बॅटरी असते आणि ती चार महिने निजून राहिली की ऐन वेळी उठत नाही. दुकानदार यंत्राची ताकद सांगतो, किंमत सांगतो. ते चालवणारे हात कुणाचे, हे आपले आपणच विचारावे लागते.

मग मी वही घेतली आणि घरातल्या वस्तूंची यादी केली. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किती वॉट ते लिहिलेले असते. कॉन्सन्ट्रेटर ३५०, पंखा ७५, एलईडीचे दोन दिवे मिळून २०, फ्रिज चालू असताना सुमारे १५०. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप मात्र हजारावर. शिवाय मोटारीची एक खोड असते: सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट वीज क्षणभर ओढते. त्यामुळे एकट्या पंपासाठी जनित्राचा आकार तिपटीने वाढतो. दादाचे पाच केव्हीए या पंपापायीच होते. आणि पंप काय करतो? टाकी भरतो. ती लाइट असतानाच भरून ठेवली, तर दोघांना चार दिवस पाणी पुरते. टाकीतले पाणी ही साठवलेली वीजच आहे, आणि तिला पेट्रोल लागत नाही.

फ्रिजचेही तसेच. दार उघडले नाही तर तो चार तास थंड राहतो. पुढे मासळी वाचवायची तर नाट्यात बर्फाची पेटी कुणाकडेही मिळेल. यादीत उरले ते एकच यंत्र, ज्याला खंड चालत नाही.

त्याचा पहिला आधार वडिलांच्या डॉक्टरांनी सांगितला, आणि तो विजेचा नव्हताच. घरात प्राणवायूचा एक सिलिंडर भरून ठेवावा. ‘बी टाइप’ म्हणतात त्यात सुमारे दीड हजार लिटर वायू मावतो. वडिलांना मिनिटाला दोन लिटर लागतो; म्हणजे बारा तासांची निश्चिंती, आवाज नाही, तार नाही. जवळ देवाचा दिवा, विडी किंवा तेलकट हात मात्र येता कामा नये.

चार स्थळे

मग उपवरांकडे वळलो. पहिले स्थळ इन्व्हर्टर आणि बॅटरी. स्वभावाने गरीब, आवाज नाही, लाइट जाताच आपोआप कामाला लागणारे. आईने उठायचेसुद्धा कारण नाही. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. प्रत्यक्षात हाती पडतात बाराशेच्या आसपास. कॉन्सन्ट्रेटर, पंखा आणि दिवे मिळून साडेचारशे वॉट धरले, तर पावणेतीन तास झाले. दोन बॅटऱ्यांचे साडेपाच. इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’ म्हणजे शुद्ध लहरीचा हवा. स्वस्तातल्याची वीज खडबडीत असते आणि नाजूक यंत्रांना ती सोसत नाही.

दुसरे पेट्रोलचे जनित्र. ‘जन्’ म्हणजे जन्म देणे; पण हे काही शून्यातून वीज जन्माला घालीत नाही, पेट्रोल जाळून तिची वीज करते आणि त्यातली बरीचशी उष्णता धुराबरोबर फुकट घालवते. लहान यंत्राला एका लिटरमधून दीड युनिट निघाले तरी पुष्कळ. लिटरला शंभरावर रुपये मोजणाऱ्याने युनिटचा भाव स्वतःच काढावा. म्हणून हे रोजच्या वापराचे नव्हे, संकटाचे. यातही ‘इन्व्हर्टर जनरेटर’ हा प्रकार असतो. तो भार कमी तसा इंजिनाचा वेग कमी करतो, त्यामुळे आवाज आणि भूक दोन्ही आवरतात.

तिसरे डिझेलचे. एका लिटरात युनिटे अधिक, आयुष्य दांडगे. पण ते अंगाने जड, आणि त्याला भरपूर काम लागते. थोड्याशा भारावर तासन् तास चालवले तर इंधन नीट जळत नाही, काजळी धरते. बर्फाच्या कारखान्याला ते शोभते. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला नाही.

चौथे सौर. छपरावरच्या सौर वीजसंचाला फेब्रुवारी २०२४ पासूनच्या केंद्राच्या योजनेत एका किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळते. बिल उतरवायला योजना उत्तम. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: नुसता तारेला जोडलेला, बॅटरी नसलेला संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. लख्ख उन्हातसुद्धा. आणि हे मुद्दाम केलेले असते. का, ते आम्हाला वायरमनने सांगितले.

खांबावरचा माणूस

आमच्या भागाचा वायरमन पावसात भिजून आला होता. पडवीत चहा पिताना मी त्याला जनित्राचे विचारले. तो म्हणाला, “सर, कुठलाही घ्या. पण आधी चेंजओव्हर बसवा. मला गावातल्या सगळ्या डीपी माहीत आहेत. घराघरांतले जनरेटर मला माहीत नाहीत.”

काही हौशी लोक जनित्राची वायर सरळ भिंतीतल्या प्लगात घालतात. घर उजळते, पण तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते. रोहित्र दोन्ही बाजूंनी काम करते. येताना अकरा हजार व्होल्ट उतरवणारे तेच यंत्र, आपल्या घरची वीज उलट चढवून हजारो व्होल्टची करते आणि मेलेली समजून हात लावलेल्या तारेत सोडते. लाइट यावी म्हणून आपण ज्याची वाट पाहतो, तोच माणूस त्या वेळी खांबावर असतो. चेंजओव्हर स्विच म्हणजे साधा दोन वाटांचा खटका: एका वेळी घर एकतर तारेला जोडलेले, नाहीतर जनित्राला. परवानाधारक तंत्रज्ञाकडून तो बसवून घ्यावा, सोबत अर्थिंग तपासून घ्यावे. जनित्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. माणसाच्या किमतीपुढे तर बोलायलाच नको.

दुसरा धोका घरातल्यांना. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पाऊस आहे म्हणून पडवीत, चोर आहेत म्हणून माजघराच्या दारात जनित्र चालवणारे झोपेतच जातात. ज्या घरात प्राणवायूसाठी ही सारी धडपड, तिथे हा वायू शिरणे म्हणजे विपरीतच. पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैर्ऋत्येचा. म्हणून जागा निवडली ती घराच्या ईशान्येला, जुन्या गोठ्याच्या पलीकडे, चारी बाजू मोकळ्या ठेवून वर फक्त पत्रा. घरापासून तीस पावले. आवाजही तिथेच राहतो.

शेवटी ठरले ते असे. आधी सिलिंडर. मग दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर, जो पहिले पाच तास कुणालाही न उठवता काढील. त्यानंतर दोन केव्हीएचे पेट्रोल जनित्र. ते कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज आणि बॅटऱ्यांचे चार्जिंग एकदम पेलते, आणि ते सुरू करायला शेजारचा मुलगा पाच तासांत केव्हाही येऊ शकतो. रात्री दोन वाजताची घाई उरली नाही, हा या योजनेचा खरा लाभ. दादाच्या पाच केव्हीएपेक्षा यात मिरवण्यासारखे काही नाही, हे खरे.

यंत्र आले त्या दिवशी साखरीनाट्याचे एक तांडेल ते पाहायला आले होते. त्यांचे सारे आयुष्य होडीच्या इंजिनाशेजारी गेलेले. त्यांनी तेल पाहिले, दोरी ओढून आवाज ऐकला आणि म्हणाले, “इंजिन बसून राहिलं की आजारी पडतं, सर. महिन्यातून एकदा पाव तास तरी चालवा. फ्रिज लावून चालवा, नुसतं नको. आणि टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.”

महिन्यातला दिवस कोणता, हे आईने ठरवले. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत ती उपाशी जागी असतेच. शेजारचा मुलगा येतो, गोठ्यापलीकडे पाव तास घरघर होते, वडील माजघरातून “चालतंय ना रे?” म्हणून विचारतात, आणि मग त्या मुलासाठीही एक पान वाढले जाते.