लेकरं फडावर, म्हातारी घरात

दिवाळी सरली की मुखेडच्या डोंगरपट्ट्यातून कोयते ऊसफडाकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं. त्यांचा सांभाळ कोणी करायचा?

श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील गरजूंना २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. २००७ च्या कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. शेत लेकाच्या नावे करताना सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट मोडल्यास ते रद्द करून मागता येतं.

पण अंथरुणाला खिळलेल्याची कूस कायदा बदलत नाही. त्याला माणूसच लागतो. म्हणून निघण्याआधी औषधांची चिठ्ठी नि आपला फोन नंबर शेजारणीकडे, आशाताईंकडे देऊन जा.