मम्मीचं पोट, गॅस आणि कॉफी बीन

रविवारची सकाळ. जरीपटक्यातल्या घरात दाल-पक्वानचा बेत. एरवी दोन पक्वान आरामात फस्त करणारी मम्मी अर्ध्यावरच थांबते. ‘बस, पोट भरलं.’ तीन आठवडे हेच चाललंय, पोटही फुगल्यासारखं दिसतंय. घरातलं निदान रेडी असतं : गॅस!

बहुतेकदा तो गॅसच असतो. पण रोज पोट फुगणं, चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला जावं लागणं ही ओव्हरीच्या कॅन्सरचीही लक्षणं असू शकतात. हा कॅन्सर बऱ्याचदा कळतो, तोवर पोटात पसरलेला असतो.

‘पण तिची पॅप टेस्ट नॉर्मल होती ना?’ इथंच आपण फसतो. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची असते, ओव्हरीची नाही. गंमत म्हणजे, डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊंनी शोधलेला तोच रंग इथंही कामी येतो. पोटात पाणी साठलं असेल तर ते सुईनं काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाशी बसलेल्या पेशी काचेवर रंगवतात. पेशीचं केंद्रक निळं दिसतं. सगळी स्टोरी त्यातच!

साध्या पेशींची केंद्रकं वाटाण्यांसारखी, साधारण एकाच मापाची. हाय-ग्रेड सीरस कॅन्सरमध्ये मात्र एखादं केंद्रक शेजारच्याच्या तिप्पट, कडा वाकड्यातिकड्या, आतला मजकूर जाडाभरडा आणि मधला ठिपका ठसठशीत. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरमध्ये केंद्रकावर उभी खाच असते, हुबेहूब कॉफी बीन!

पण नुसत्या दिसण्यावर फैसला होत नाही. टीबीमुळे किंवा लिव्हरच्या आजारात पोटात पाणी झालं, तरी पोटाच्या अस्तराच्या पेशी सुजून कॅन्सरसारख्या भासतात. म्हणून सेल ब्लॉक करून पीएएक्स-८ सारखे मार्कर तपासतात. आणि गाठ ओव्हरीपुरतीच वाटत असेल, तर डॉक्टर सहसा तिला सुई टोचत नाहीत. पेशी पोटात सांडण्याची भीती असते.

तेव्हा बॉस, तुमचं काम सोपं आहे. त्रास दोन-तीन आठवडे रोजचा झाला, तर मम्मीला गायनॅककडे न्या, सोनोग्राफीबद्दल विचारा. कॅन्सरची शंका आलीच तर मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आपल्याच शहराच्या आवाक्यात आहेत. गॅसच निघाला तर उत्तम! पुढच्या रविवारी दोन पक्वान एक्स्ट्रा.