छायाचित्राचा पाठ: संस्कार आणि प्रक्षेप

छायाचित्रे सुधारण्याचा प्रश्न भाषाभ्यासकाला वाटतो तितका परका नाही. हस्तलिखितातील पुसट अक्षर उजळून वाचणे हा संस्कार. मुळात नसलेला श्लोक घालणे हा प्रक्षेप. छायाचित्राच्या बाबतीतही हाच भेद करावा लागतो.

छायाचित्राला हातच लावू नये, असा एक पक्ष आहे. वस्तुतः संस्काररहित अंकीय छायाचित्र पाहावयास मिळतच नाही. ब्राइस बायर यांच्या १९७६ साली पेटंट मिळालेल्या रंगजाळीच्या पद्धतीत संवेदकावरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. बहुतेक कॅमेरे आजही याच पद्धतीचे आहेत.

वैशाखात जवाहरनगरच्या एखाद्या अंगणात कडुनिंबाखाली बसलेल्या आजीचे चित्र घेऊ. यंत्राने मागील भिंतीवरील उन्हाचे माप धरले, तर आजीचा चेहरा काळवंडतो. समोर उभ्या असलेल्या नातवाला तो तसा दिसलेला नसतो. येथे सावलीचा भाग उजळणे म्हणजे यंत्राची चूक दुरुस्त करणे होय. परंतु त्याच साधनाने उपवर मुलीचा सावळा वर्ण गोरा केला, तर यंत्राची कोणतीही चूक सुधारत नाही. बदलते ती व्यक्ती, आणि फसतो तो पाहणारा. तेव्हा केवळ साधनावरून निर्णय करता येत नाही. ज्या गोष्टीसाठी चित्र पाहिले जाते तीच बदलली काय, हे पाहावे लागते.

मुंबईचे एक जुने उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील विविध समाजांचे दर्शन घडविणारा सचित्र ग्रंथ दोन खंडांत, १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एकीकडे व पार्श्वभूमी दुसरीकडे टिपून जोडलेली आहेत. वेशभूषेच्या अभ्यासाला ही चित्रे उपयोगी पडतील. पण ती माणसे त्या स्थळी वावरत होती, असे अनुमान काढणारा संशोधक चुकेल.

मग सुधारणा करावी तरी कशी? याचा वस्तुपाठ पुण्यातच आहे. वि. सी. सुखठणकर यांनी पाया घातलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेषा आहे. वगळलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत दिले आहेत. संपादकाने निर्णय घेतला, परंतु तो तपासण्याची वाटही मोकळी ठेवली.

घरगुती चित्राला टीप जोडण्याचे कारण नाही. मूळ प्रत जपली म्हणजे पुरे. प्रबंधात मात्र शिलालेखाचे किंवा क्षेत्रकार्याचे चित्र देताना काय उजळले, काय कापले, हे एका वाक्यात नोंदवावे. ते वाक्य लिहिताना संकोच वाटला, तर आपण संस्काराची सीमा ओलांडली आहे, असे खुशाल समजावे.